३१ डिसेंबर कुणाची?

कर्वेनगरातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बाबांनी १९९१ साली तो घेतला तेव्हा घरात कुणालाच गुडघे नव्हते. म्हणजे होते, पण त्यांची आठवण यायची नाही. २०१८ मध्ये बाबा गेले. टाळेबंदीत दूधवाला वर येईना तेव्हा आई गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. सुरुवातीला तिला त्याची गंमत वाटली. पाऊस सुरू झाल्यावर गंमत संपली आणि ती स्वतःच म्हणाली, "हे विकू या. मला जमिनीजवळचं काहीतरी बघ."

नेमकं त्याच सुमारास सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० तीन टक्के कमी, जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्के कमी. म्हणजे पुणे शहरात सहाच्या जागी डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्के आणि नंतर चार. करोनाने झोपलेला बाजार एकदम उठून बसला. आमच्या फ्लॅटला तीन आठवड्यांत ७२ लाखांचं गिऱ्हाईक मिळालं. नवरा-बायको दोघेही आयटीतले, घरूनच काम करणारे, त्यामुळे त्यांना जिने चढण्याची धास्ती नव्हती. वारज्यात लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट ५८ लाखांना ठरला. ते मालक निवृत्त, मुलाकडे नाशिकला निघालेले. धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर आईची एफडी मोडून त्यांना पाच लाखांचा विसार दिला. विसारपावती एजंटने टाइप करून आणली होती, दोन पानी. आईने अक्षरी रक्कम तेवढी वाचली. मी तेवढीही नाही, माझा सातवीचा ऑनलाइन तास सुरू व्हायचा होता.

दोन्ही व्यवहार ३१ डिसेंबरच्या आत करायचे होते. आमच्या गिऱ्हाइकाचे पैसे आले की तेच पुढे वारज्याला जाणार. साखळीच म्हणा ना.

८ डिसेंबरला गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाचा दोन ओळींचा शेरा आला. मूळ खरेदीदार मयत, सबब त्यांचे सर्व कायदेशीर वारस दस्तात पक्षकार हवेत.

मी चाटच पडले. बाबांनी सोसायटीत आईला नॉमिनी केलं होतं, ते गेल्यावर सोसायटीने ठराव करून शेअर सर्टिफिकेटच्या मागे तिचं नाव चढवलं होतं. ऑक्टोबरमध्ये आम्ही एका ओळखीच्या वकिलांना विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "सर्टिफिकेट आईंच्या नावावर आहे ना? मग झालं की." त्यांना आता फोन केला तर ते कोर्टात होते, मग जेवत होते, मग गावाला गेले होते.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी दुसऱ्या वकीलबाईंचा नंबर दिला. पन्नाशीच्या, शिवाजीनगर कोर्टापासून जवळच दीड खोलीचं ऑफिस, त्यातल्या अर्ध्या खोलीत कारकून. ९ तारखेला संध्याकाळी मी फायलींची पिशवी घेऊन गेले. त्यांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. एक कोरा कागद पुढ्यात ओढला, मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, "आधी तारखा सांगा. आणि कुठली तारीख कुणी घातलीय, तेही सांगा."

मी म्हटलं, "३१ डिसेंबर."

"ती कुणाची?"

"सगळ्यांचीच."

"असं नसतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाची ३१ डिसेंबर वेगळी असते. सरकारची वेगळी, तुमच्या गिऱ्हाइकाची वेगळी, वारज्याच्या मालकांची वेगळी. बँकेला तर ३१ डिसेंबरशी घेणंदेणंच नाही, तिला कागद पुरे हवेत. कुणाची तारीख सरकवता येते आणि कुणाची नाही, तेवढं आज ठरवू. धावायचं कुठे ते नंतर."

मला तेव्हा हे वेळकाढूपणाचं वाटलं. बावीस दिवस उरलेले आणि बाई कागदावर रेघा मारताहेत.

त्यांनी विसारपावती वाचली आणि एका ओळीखाली पेन्सिल फिरवली. "मुदत हे या कराराचे सार असून ती न पाळल्यास विसाराची रक्कम जप्त होईल." मग मला समजावलं. घरजमिनीच्या व्यवहारात मुदत म्हणजेच सगळं, असं कोर्ट सहसा धरत नाही. पण करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर धरू शकतं. सुप्रीम कोर्टाने १९९३ सालच्या एका निकालात हे सांगून ठेवलंय. "म्हणजे एजंटने कुठल्यातरी जुन्या मसुद्यातून ही ओळ उचलली आणि तुमची खरी पक्की तारीख तीच झाली. पाच लाख या एका ओळीवर टांगलेत."

सरकारच्या तारखेचा त्यांनी केलेला उलगडा मी तोवर कुणाकडूनच ऐकला नव्हता. सवलत मिळायची तर ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरलेलं हवं आणि दस्तावर सह्या झालेल्या हव्यात. नोंदणी त्याच दिवशी झाली पाहिजे असं नाही. नोंदणी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सही झाल्यापासून चार महिने मिळतात, आणि या सवलतीच्या बाबतीत नोंदणी विभागानेही तसा खुलासा केला होता. तरीही सगळं पुणं नोंदणी कार्यालयाच्या दारात रांग लावून उभं होतं. आमचा एजंट, गिऱ्हाइकाचा एजंट, गिऱ्हाईक, सगळे "३१ च्या आत रजिस्ट्रेशन" एवढंच घोकत होते.

रेघेच्या उजवीकडे, न सरकणाऱ्या गोष्टींत, शेवटी दोनच ओळी उरल्या: 'सह्या आणि शुल्क' आणि 'वारज्याचा विसार'. बाकी सगळं डावीकडे.

आता वारस. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा आणि मी, तिघांचा एकेक तृतीयांश. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस ठरेपर्यंत सांभाळणारा; सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतही नॉमिनीला तात्पुरता सभासदच म्हटलंय. दादा इंग्लंडमध्ये रेडिंगला. आमच्या एजंटचं म्हणणं, "तुम्ही दोघी करून टाका, भावाचं नंतर बघू." वकीलबाई म्हणाल्या, "नंतर बघू म्हणजे त्यांचा तिसरा हिस्सा विकलाच जात नाही. तुम्ही हॉल आणि स्वयंपाकघर विकताय, बेडरूम तुमच्या दादाची."

दादाने हक्कसोडपत्र करून द्यावं, हा माझा विचार. तो त्यांनी बाजूला सारला. हक्कसोडपत्रही नोंदवावंच लागतं, म्हणजे त्यासाठीही दादा किंवा त्याचा मुखत्यार लागणारच. शिवाय बाबांनी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या फ्लॅटला वडिलोपार्जित म्हणायचं की नाही, त्यावर कमी मुद्रांक चालेल की नाही, यावर टेबलाटेबलाप्रमाणे मत बदलतं. "एरवी मी वाद घातला असता. डिसेंबरात वाद परवडत नाही. तिघेही विक्रेते म्हणून सही करा." वारस दाखला कोर्टातून घ्यायचा तर महिने जातात, म्हणून गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलांशी बोलून त्यांनी तिघांचं प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचा बाँड आणि जाहीर नोटीस यावर काम भागवलं. नोटीस १० डिसेंबरला एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात आली, चौदा दिवसांची. फ्लॅटच्या मालकीच्या जुन्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्यायचं काम कारकुनाकडे गेलं. हा माणूस दिवसभर कुठे असतो ते कुणालाच कळायचं नाही, पण संध्याकाळी पावत्यांसकट हजर व्हायचा.

फी किती, हे मी चाचरतच विचारलं. सगळे कागद धरून पस्तीस हजार, नोटिशींचा खर्च वेगळा. "घाईचे जादा पैसे मी घेत नाही," त्या म्हणाल्या, "पण घाईत तुम्ही मला न विचारता कुठे सही केलीत, तर त्याची जबाबदारीही घेत नाही." हे त्यांनी लिहूनही घेतलं.

दादाने २३ तारखेच्या रात्रीचं तिकीट काढलं. २४ ला मुंबई, विलगीकरणाचे नियम काय असतील ते पाळायचे आणि ३० च्या आत सही. आईने त्याची खोली झाडून घेतली.

त्याचा फोन मात्र दोनदा तणातणीत संपला. कारण टीडीएस, म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा आयकर. माझ्या आणि आईच्या हिश्श्यावर गिऱ्हाईक पाऊण टक्का कापणार होतं. करोनाच्या वर्षात एक टक्क्याचा पाऊण केला होता. दादा अनिवासी, त्याच्या हिश्श्याला कलम १९५. वीस टक्के कर आणि त्या करावर चार टक्के उपकर, म्हणजे २४ लाखांवर चार लाख नव्व्याण्णव हजार दोनशे. तेही नफ्यावर नाही, अख्ख्या हिश्श्यावर. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्याला लागणारे आठवडे आमच्याकडे नव्हते.

"माझेच पाच लाख? आणि तू बसून ऐकून घेतलंस?"

"अरे, विवरणपत्र भरलंस की जास्तीचे परत येतात."

"येतात, येतात. तू ३०० रुपयांच्या परताव्यासाठी किती वर्षं थांबली होतीस ते सांग."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. गिऱ्हाइकाची बायको मात्र शांत. तिने सीएला विचारून टॅनचा, म्हणजे असा कर कापणाऱ्याला लागणाऱ्या क्रमांकाचा, अर्ज ऑनलाइन भरून टाकला आणि मला म्हणाली, "ताई, आम्ही नाही कापले तर आमच्याच मानेवर बसतात हो." दादाचे पैसे त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या खात्यातच जाणार, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे वारज्यासाठी हाताशी आमच्या दोघींचे ४८ लाख, पाऊण टक्का वजा जाता ४७ लाख ६४ हजार. विसार सोडून तिथे अजून ५३ लाख द्यायचे होते, म्हणजे पाच लाखांहून थोडे जास्तच कमी पडत होते.

वारज्याच्या मालकांना वकीलबाईंनी १९ तारखेला पत्र पाठवलं. फोन करू नका, असं मला बजावलं होतं. पत्रात धमकी नव्हती, गयावयाही नव्हती. आम्ही व्यवहाराला तयार आहोत, तयार होतो, पैशांची सोय अमुक मार्गाने होते आहे, आईच्या फ्लॅटच्या व्यवहारात वारसांचे कागद पुरे करायला थोडा वेळ लागतोय. तरी ३१ डिसेंबरपूर्वी पूर्ण शुल्क आमच्या खर्चाने भरून साठेखत, म्हणजे खरेदीचा पक्का करार, करू, त्याच वेळी आणखी तीन लाख देऊ, उरलेले ५० लाख ३१ जानेवारीपर्यंत. "तयारी आणि इच्छा हे दोन शब्द कागदावर आलेच पाहिजेत," त्यांनी मला सांगितलं. "उद्या भांडण झालं तर तुमचा सगळा खटला या दोन शब्दांवर उभा राहतो." मालकांनी दोन दिवसांनी होकार कळवला. त्यांनाही नाशिकला सामान जानेवारीअखेरच हलवायचं होतं. पण ते आम्हाला कोण सांगणार?

तो होकार २१ तारखेला दुपारी आला. त्याच संध्याकाळी आई टीव्हीसमोरून ओरडली.

ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडल्यामुळे २२ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून तिथली सगळी विमानं भारताने बंद केली होती. महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दीत रात्रीची संचारबंदीही जाहीर झाली. दादाचं विमान एका दिवसाने हुकलं. आईने दादाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आत जाऊन बसली.

एजंटला कुणी सांगितलं कोण जाणे, त्याचा आठ वाजता फोन आला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. दादांकडून व्हॉट्सअॅपवर सही मागवा." मी म्हटलं, सही कागदावर लागते. "मग काय झालं? तुम्हाला दादांची सही येते ना?"

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर पाच सेकंद मी विचार केला. दादाची सही मला येते. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तो करायचा आणि माझ्या वहीवर त्याची मी. ते पाच सेकंद मी कुणाला सांगितले नाहीत. वकीलबाईंना मात्र एजंटचं वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो माणूस माझ्या ऑफिसात पुन्हा येणार नाही. आणि दादांचं विमान बंद झालंय, हात चालू आहे ना त्यांचा? बसा, लिहून घ्या."

रात्री नऊ ते साडेअकरा फोनवर मुखत्यारपत्राचा मसुदा झाला, दादाच्या वतीने मी सही करायची म्हणून. कुलमुखत्यार नाही, खास मुखत्यार, याच एका फ्लॅटपुरतं. त्यात फ्लॅटचं वर्णन शब्दशः जुन्या करारातलं. विक्रीची किंमत, खरेदीदारांची नावं, आणि तीन कामं स्वतंत्र लिहिलेली: दस्तावर सही करणं, दस्त नोंदणीसाठी सादर करणं, कबुलीजबाब देणं. "नुसतं 'विक्री करणे' लिहिलं तर टेबलावरचा माणूस विचारतो, सादर करण्याचा अधिकार कुठे लिहिलाय? आणि त्याचं चूक नसतं." मोबदला घेतलेला नाही हेही स्पष्ट, कारण सख्ख्या बहिणीला बिनमोबदल्याचं मुखत्यारपत्र पाचशे रुपयांच्या मुद्रांकात होतं; मोबदला दिसला तर खरेदीइतकं शुल्क लागतं. दोघांचे फोटो, प्रत्येक पानावर सही, आणि ही सगळी सही-अंगठ्यांची कामं नोटरीच्या डोळ्यांसमोर. परदेशातला माणूस नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करून मुखत्यारपत्र देऊ शकतो, असं नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्येच आहे. वकिलातीची वेळ नाताळाआधी मिळणं शक्य नव्हतं. नोटरी मिळाला.

रेडिंग टियर फोरमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत कडक निर्बंधांत गेलेलं, रस्ते ओस. २२ तारखेला दुपारी दादा मास्क लावून नोटरीकडे गेला. नोटरीने त्याला खिडकीच्या पलीकडून पासपोर्ट दाखवायला लावला आणि मराठी नाव तीनदा विचारून घेतलं. सही झाल्याचा फोटो दादाने रात्री पाठवला. खाली लिहिलं होतं, "झाली. स्वतःची केलीय."

म्हणजे तोही तेच आठवत होता.

वकीलबाईंनी अपोस्टिलही करायला लावलं, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला. नोटरी पुरतो, पण शंका काढणाऱ्याला तोंड उघडायला जागा ठेवायची नाही, हा त्यांचा हिशेब. त्यासाठी कागद टपालाने मिल्टन कीन्सला गेले आणि नाताळाच्या सुट्यांत अडकले. २८ ला सोमवारीही तिकडे सुट्टी होती. अस्सल कागद ३१ पूर्वी पुण्यात पोचणार नाहीत, हे स्पष्ट झालं.

इथे गिऱ्हाइकाचे वकील अडले. अस्सल मुखत्यारपत्र हातात नसताना आमच्या अशिलांनी दस्तावर सही का करावी? रास्त प्रश्न होता. मी घाबरले, वकीलबाई मात्र खुलल्या. त्या दोघांचं फोनवर जे चाललं ते ऐकणं हा एक वेगळाच प्रकार होता. दोघंही एकमेकांना "सर", "मॅडम" म्हणत होते आणि दोघंही मागे हटत नव्हते. वकीलबाईंचं म्हणणं असं: मुखत्यारपत्र दादाने सही केली त्या दिवसापासून अस्तित्वात आलं. परदेशात झालेला कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावता येतो. नोंदणीच्या टेबलावर अस्सल लागेल, तेव्हा ते असेल. तोवर खरेदीदारांनी फक्त शुल्क भरायचं आणि सही करायची. विक्रीचा एक रुपयाही नोंदणीच्या दिवसाआधी द्यायचा नाही. आणि आमच्याकडून कागद न आल्यामुळे दस्त झाला नाही, तर शुल्काचा भुर्दंड आम्ही सोसायचा.

शेवटचं वाक्य त्यांनी मला विचारून मगच उच्चारलं. शुल्क ७२ लाखांचे तीन टक्के, दोन लाख सोळा हजार. "तुमच्या दादांवर तुमचा दोन लाख सोळा हजारांचा विश्वास आहे का?" मी हो म्हटलं. "मग कुरिअरवर?" त्यावर मी थोडी थांबले.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहिलं तर जानेवारीत एक टक्का जास्त म्हणजे ७२ हजार जादा. आत्ता सही केली तर जोखीम आमच्या डोक्यावर आणि ७२ हजार त्यांच्या खिशात. ते तयार झाले.

३० डिसेंबरला, बुधवारी, आम्ही सगळे त्या दीड खोलीत. खिडक्या उघड्या, मध्ये सॅनिटायझरची बाटली, आईला एकटीला खुर्ची. ऑनलाइन चलन आदल्या रात्री निघालं होतं. पान इतका वेळ गोल गोल फिरत राहिलं की गिऱ्हाइकाच्या बायकोने लॅपटॉपला नमस्कार केला. आईने प्रत्येक पानावर सही केली, अंगठे उठवले. मी दोनदा: एकदा माझ्यासाठी, एकदा "तर्फे मुखत्यार" म्हणून. दुसऱ्यांदा सही करताना माझा हात सवयीने दादाच्या सहीसारखं वळण घेऊ लागला. वकीलबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "स्वतःची सही. तुम्ही त्यांच्यासाठी करताय, त्यांची करत नाही आहात." त्या ओळीखाली तारीखही मला माझ्या हाताने घालायला लावली.

त्याच संध्याकाळी वारज्याच्या मालकांबरोबर साठेखत. ५८ लाखांचे तीन टक्के, एक लाख ७४ हजार, नोंदणी फी ३० हजार. तीन लाखांचा धनादेश. या कागदाला कुणाची वाट बघायची नसल्यामुळे कारकुनाने ३१ ला सकाळीच टोकन काढून ठेवलं होतं. मास्क खाली करून आईचा फोटो काढला. अंगठ्याच्या यंत्रावर तिचा ठसा काही उमटेना. ऑपरेटर म्हणाला, "आजी, जोरात दाबा." आई म्हणाली, "अरे, पन्नास वर्षं भांडी घासली, आता काय उरणार त्यात?" मधलं बोट चाललं.

बाहेर पडलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. माणसं फायलींनी वारा घेत होती, डिसेंबरात. त्यातल्या कितीजणांना आज तिथे यायची खरंच गरज होती, हा विचार मनात आला. पण थांबून कुणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी कोण, सातवीला इतिहास शिकवणारी बाई.

१३ जानेवारीला कुरिअर आलं, भोगीच्या दिवशी. पाकिटात अपोस्टिल केलेलं मुखत्यारपत्र आणि आईसाठी चॉकलेटचा डबा. कारकुनाने पाचशेचा मुद्रांक लावून आणला. १८ तारखेला हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त सादर झाला, चलन डिफेस झालं, म्हणजे वापरलं गेल्याची नोंद झाली. अस्सल मुखत्यारपत्र टेबलावरच्या माणसाने पुढून मागून पाहिलं, अपोस्टिलच्या शिक्क्यावर बोट फिरवलं आणि काहीही न विचारता पुढचं पान उलटलं. मिल्टन कीन्सच्या टपालात गेलेले पंधरा दिवस त्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी होते. बँकेच्या माणसाने तिथेच डिमांड ड्राफ्ट दिले. दादाच्या नावाचा वेगळा, टीडीएस वजा जाता.

२९ जानेवारीला वारज्याचे पैसे पोचले. शेवटच्या रकमेत अडीच लाख कमी पडत होते, ते मी घातले. दादाने नंतर एनआरओतून परत केले आणि त्या निमित्ताने पुन्हा एकदा टीडीएसवर बोलून घेतलं. आई एप्रिलपर्यंत थांबली असती तर बायकांच्या नावावरच्या घराला एक टक्का सवलत मिळाली असती, असं मला शेजारच्या एका काकूंनी फार हळहळून सांगितलं. तोवर मूळ सवलतच संपली होती, हे मी त्यांना समजावत बसले नाही.

आईच्या नव्या सोसायटीचा सभासदत्वाचा अर्ज फेब्रुवारीत आला. शेवटच्या पानावर नामनिर्देशनाचा रकाना. आईने चष्मा लावला, माझं नाव लिहिलं, मग पेन खाली ठेवलं.

"तुझं नाव लिहिलं की झालं का गं?"

"नाही."

"वाटलंच." तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी लिहून ठेवलेला नंबर पाहिला आणि माझा फोन मागून घेतला. पलीकडून उचलल्यावर म्हणाली, "मॅडम, मी कर्वेनगरची आजी. आता वारज्याची. मृत्युपत्र करायचंय. नाही, नाही, घाई काहीच नाही. पण मंगळवारी येऊ का?"